दोन भोकांचं कोडं

प्रश्न: रोज सायकलने कामावर जातो. वाटेत खड्डेच खड्डे. महिन्यात तिसऱ्यांदा मागची ट्यूब गेली. दर वेळी शेजारी शेजारी दोन भोकं, पण टायरमध्ये काटा-खिळा काही सापडत नाही. टायर बदलू का?

उत्तर: थांबा, टायर बिचारा निर्दोष असावा. खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की ट्यूब रिम आणि काठ यांच्यात चिमटते, म्हणून साप चावल्यासारखी दोन भोकं. मागच्या चाकावर आपलं वजन जास्त, म्हणून तेच आधी जातं. बहुतेकदा कारण एकच: हवा कमी. पंक्चर नसतानाही ती हळूहळू झिरपते आणि आपण महिना महिना पंपाला हात लावत नाही (मीही त्यातलाच). आठवड्याला एकदा भरा. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा उठवलेला असतो, त्याच्या पुढे जाऊ नका; ठासून भरलीत तर मनगटं बोलू लागतात.

खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक आधीच मारून सोडा, पेडल समपातळीत ठेवा, बूड सीटवरून उचला, कोपरं सैल. पाण्याने भरलेला मात्र अंदाजाने घेऊ नका. ‘एवढासा तर आहे’ म्हणत मी एकदा घेतला आणि वाकडी रिम ढकलत घरी आलो.

टायर झिजल्यावर बदलालच, तेव्हा फ्रेममध्ये जागा असेल तर २८ऐवजी ३५ मिलिमीटर रुंदीचा घाला, म्हणजे ट्यूब सहज चिमटणार नाही.