पाळकाने कुणाकडे जायचं?

(एका चर्चचे पाळक लिहितात: आठ वर्षं सोलापुरात सेवेत आहे. गेल्या पावसाळ्यापासून एकटा प्रार्थनेला बसलो की शब्दच फुटत नाहीत. रविवारी पुलपीटवरून ‘विश्वास धरा’ म्हणतो आणि आपण ढोंगी आहोत असं वाटतं. पहाटे तीनला जाग येते. बायकोला सांगितलेलं नाही. त्यात तरुण संघाला ड्रमसेट हवाय आणि कमिटीतले ज्येष्ठ पेटी-तबल्यावर अडून बसलेत. राजीनामा देऊ का?)

पाळकसाहेब, सलाम.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. ड्रमसेटच्या भांडणावर दीड पान आहे. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, एक ओळ: ‘जुलैमध्ये आमच्या संडे स्कूलमध्ये वाढलेल्या २२ वर्षांच्या मुलाचा दफनविधी केला, मोटारसायकलचा अपघात.’ बस्स. पुढच्या ओळीत पुन्हा कमिटी!

शब्द तिथे अडलेत, पाळकसाहेब. ड्रमसेटपाशी नाही.

मी ख्रिस्ती नाही. पण लहानपणी आमच्या शेजारी एक पाळक राहायचे. रविवारी रुबाबात दिसणारा हा माणूस एका सोमवारी अंगणात सायकल उलटी करून बसला होता. चेन काढायची, रॉकेलमध्ये बुडवायची, पुसून पुन्हा चढवायची. सायकलला काहीही झालेलं नव्हतं. मी कुंपणावरून विचारलं, तर म्हणाले, ‘काल एका लेकराला माती दिली गं.’ थोड्या वेळाने पाळकीणबाई ताटलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. पायरीवर बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

तुमच्या शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे अतीच झालं, पण यावर संदेश देणारे स्वतः ती भाकर खातात का, अशी मला शंका आहे.

म्हणून आज रात्रीच बायकोला सांगा. तिला काहीच कळलं नसेल असं समजू नका. तीनला उठून बसणारा नवरा शेजारी झोपलेल्या बाईला कळतो. मग तुमच्या मंडळीबाहेरचा एखादा जुना पाळक गाठा. झोप अशीच उडालेली राहिली, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जा. तापाला गोळी घेताना तुम्ही विश्वासाची परीक्षा मानत नाही ना?

ढोंगाचं म्हणाल, तर तुमची प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. ‘माझ्या’ नव्हे. ज्या रविवारी तुमच्याकडे शब्द नसतील त्या रविवारी मागच्या बाकावरची म्हातारी ते तुमच्या वाटचेही म्हणत असते. आणि एकटे असताना ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी कुणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही.

ड्रमसेटचं लवकर उरकू. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली, तेव्हा इंग्रजी चालींची सवय असलेल्या कानांना तीही नवीच होती. ज्येष्ठांना एवढं सांगा आणि निर्णय कमिटीवर सोडा. तुमच्या शास्त्रातला तो पुढारी मोशे दिवसभर एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, ‘तू करतोस ते बरं नाही’ म्हणून चांगलंच सुनावलं होतं. सासरे क्वचित बरोबर असतात, पण असतात.

राजीनामा नाताळ होईपर्यंत लिहू नका. दोन आठवडे रजा मात्र मागा, आणि कारण खरं सांगा.

दफनानंतर त्या मुलाच्या घरी एकदाच, तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला गेलो, असं लिहिलंय तुम्ही. परत जा. बायबल घरी ठेवा. त्याची आई त्याच्याबद्दल बोलायला लागली की मध्ये वचन सांगू नका. तुम्हाला तो संडे स्कूलमध्ये कसा होता हे आठवत असेलच. ते तिला सांगा. चहा दिला तर प्या. रडू आलं तर येऊ द्या, तिच्यासमोर.

— माई