ऑनलाइन रोल प्लेइंग गेममध्ये लोकांना एवढा आनंद कशाचा मिळतो?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ ठरावीक रात्री, ठरलेल्या वेळेला कॉम्प्युटरसमोर बसतो, "आज रेड आहे, मध्ये उठता येणार नाही" असं घरच्यांना बजावतो आणि महिना उलटला तरी त्यांची लढाई त्याच एका राक्षसाशी चालू असते. लढायचीच हौस असेल तर एकट्यानं खेळायचे कितीतरी चांगले गेम आहेत. मग अनोळखी माणसांबरोबर, वेळ पाळून, पुन्हा पुन्हा हरण्यात कसली मजा?

मी हे गेम कित्येक वर्षं खेळतोय आणि त्यातला बहुतेक काळ हीलर, म्हणजे गटातल्या बाकीच्यांना बरं करणारा, म्हणून. माझ्या मते मुख्य कारण एकच आहे: तिथे दुसऱ्या कुणाचं तरी आपल्यावाचून अडतं. चित्रं, कथा, जादू, तलवारी, लेव्हल वाढणं या सगळ्याची ओढ असतेच, पण ती एकट्यानं खेळायच्या गेममध्येही असते. तो गेम संपला की आपण तो बाजूला ठेवतो. इथे मात्र माणसं दहा-दहा वर्षं त्याच जगात परत येतात.

रेड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला पडद्यावर नुसता रंगीत गोंधळ दिसतो. रेड म्हणजे गटानं मिळून एका बलाढ्य राक्षसाशी, म्हणजे बॉसशी, लढायची अवघड लढाई. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये अवघड लढाया साधारणपणे आठ जणांच्या असतात: दोन टँक, दोन हीलर, चार डीपीएस. टँक बॉसला अंगावर घेतो, म्हणजे राक्षसाचा राग सतत आपल्यावरच राहील हे बघतो आणि त्याचं तोंड बाकीच्यांपासून वळवून धरतो. डीपीएस घाव घालतात, आणि त्यांना घाई असते, कारण ठरलेल्या वेळेत बॉस मेला नाही तर तो चवताळून सगळ्यांना एका फटक्यात संपवतो. हीलर या सगळ्यांना जिवंत ठेवतो. यातला एक जण जरी मध्येच उठून गेला तरी बाकीच्यांची लढाई तिथेच संपते. या गेममध्ये पॉजचं बटण नसतं, त्यामुळे भाऊ जे बजावतो ते अगदी खरं आहे.

लढाई चालू असताना मी राक्षसाकडे फार कमी बघतो. माझी नजर असते आठ जणांच्या हेल्थ बारवर, म्हणजे कुणात किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या पट्ट्यांवर. मोठा फटका कधी बसणार हे पाठ झालेलं असतं. मंत्र पूर्ण व्हायला क्षणभर लागतो, म्हणून तो फटक्याच्या आधीच सुरू करावा लागतो. फटका बसल्यावर सुरू केला तर उशीर झालेला असतो. तेवढ्या वेळात टँकनं आपलं संरक्षण वाढवलेलं असेल यावर मी विसंबतो आणि मी वेळेत पोचेन यावर तो विसंबतो. त्याचा बार जवळजवळ रिकामा होतो आणि तसाच पुन्हा भरतो. व्हॉइस चॅटवर कुणी काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलेलंच नसतं. हीलरचं काम चोख झालं की ते दिसत नाही, पण बरोबरच्या सात जणांना ते माहीत असतं. हे समाधान मला एकट्यानं खेळलेल्या कुठल्याही गेमनं दिलेलं नाही.

आणि तेच ते पुन्हा पुन्हा? ते नाटकाच्या तालमीसारखं आहे. सगळे मेले की त्याला वाइप म्हणतात. सुरुवातीला बॉसची ८० टक्के शक्ती शिल्लक असतानाच वाइप होतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आगीचं वर्तुळ आधी डावीकडेच येतं, त्यामुळे सगळ्यांनी उजवीकडून सुरुवात करायची. पुढच्या वेळी ६० टक्के. मग एखाद्या रात्री तो दोन टक्क्यांवर असताना शेवटचा माणूस पडतो आणि सगळे एकदम ओरडतात. वाइपनंतरची ती दोन-तीन मिनिटं मला लढाईइतकीच आवडतात. आधी कोण पडलं, का पडलं, कुणी कुठे उभं राहायचं यावर बोलणं चालतं. चांगल्या गटात हे बोलणं दोष देण्यासाठी नसतं. खरोखरच्या आयुष्यात किती ठिकाणी आठ माणसं एकत्र बसून, न चिडता, आपलं अपयश इतकं बारकाईनं तपासतात? महिनाभर एकाच बॉसशी लढणारा तुमचा भाऊ महिनाभर हे करतोय.

लोक हे गेम का खेळतात याचा अभ्यासही पुष्कळ झालाय. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं ‘मड’ नावाचा गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढे नेला. त्यात चित्र एकही नव्हतं. गुहा, दरवाजे, खजिना, सगळं शब्दांत, पण त्या एका जगात अनेक जण एकाच वेळी वावरायचे. पुढे १९९६ मध्ये बार्टलनं खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवायला येणारे, जग धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करायला येणारे. २००६ मध्ये निक यी या संशोधकानं सुमारे ३,००० खेळाडूंची उत्तरं तपासली आणि तीन मोठ्या प्रेरणा दाखवल्या: काही साध्य करणं, माणसांशी जोडलं जाणं आणि त्या जगात रमून जाणं. एक प्रेरणा जोरकस असली म्हणून दुसरी मंदावते असं नसतं, हेही त्यातून दिसलं. मला ही मांडणी बार्टलच्या चार कप्प्यांपेक्षा जास्त पटते. रेडच्या रात्री तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, कुठली कुठे संपते ते सांगता येत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती हकीकत. ‘एव्हरक्वेस्ट’ हा १९९९चा गेम. त्यात केराफर्म नावाचा एक ड्रॅगन थडग्यात झोपलेला होता. खेळाडू त्याला ‘स्लीपर’ म्हणायचे. प्रत्येक सर्व्हरवर, म्हणजे त्या जगाच्या प्रत्येक वेगळ्या प्रतीत, तो एकदाच जागा होणार, समोर येईल त्याला मारत निघून जाणार आणि पुन्हा कधीच दिसणार नाही, अशी रचना होती. तो मारला जावा हे बनवणाऱ्यांच्या मनातच नव्हतं. नोव्हेंबर २००३ मध्ये रॅलोस झेक या सर्व्हरवर तीन मोठी गिल्ड्स, म्हणजे खेळाडूंचे कायमचे संघ, एकत्र आली. हा सर्व्हर खेळाडूंनी एकमेकांनाही मारायचा, त्यामुळे ही सगळी एरवी एकमेकांची वैरी. सुमारे २०० माणसं जमली. ड्रॅगन फटक्यासरशी माणसं पाडत होता आणि क्लेरिक, म्हणजे तिथले हीलर, पडलेल्यांना उठवून पुन्हा उभं करत होते. तासन्‌तास हेच. ड्रॅगनची साधारण पाव शक्ती उरलेली असताना कंपनीनं त्याला गायब केलं. खेळाडू भडकले, कंपनीनं माफी मागून दुसरी संधी दिली आणि त्या खेपेला त्यांनी तो मारला.

लूट म्हणून त्याच्याकडून काहीही मिळालं नाही. एक तलवारसुद्धा नाही. तरी त्या २०० जणांपैकी कुणाला ती रात्र फुकट गेली असं वाटलं असेल, हे मला पटत नाही. जे होणार नाही असं ठरलेलं होतं ते त्यांनी एकत्र करून दाखवलं, आणि सतत माणसं उठवत राहणाऱ्या त्या क्लेरिकांशिवाय ते पहिल्या दहा मिनिटांतच संपलं असतं.

लढाई न आवडणाऱ्यांनाही या जगांत अशी जागा सापडते. ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३च्या आइसलँडच्या गेममध्ये बहुतेक सगळी जहाजं आणि दारूगोळा खेळाडूच बनवतात. कुणी खनिज खणतं, कुणी माल पोचवतं, कुणी नुसते बाजारभाव बघतं. जानेवारी २०१४ मध्ये तिथे जवळपास २१ तास चाललेल्या एका युद्धात टायटन वर्गाची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली आणि त्याची ठिणगी काय होती? एका भागाच्या ताब्यासाठी भरायची रक्कम वेळेत भरली गेली नव्हती. हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं काम तिथे इतकं मोलाचं असतं.

इथे एक हरकत रास्त आहे. कितीतरी जण या गेममध्ये बहुतेक वेळ एकटेच फिरतात, मग गरज वगैरे कुठे आली? २००६ मध्येच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं: लोक गटात कमी आणि एकट्यानं जास्त खेळत होते, पण त्यांना आजूबाजूला माणसं हवी होती. कुणीतरी आपला नवा घोडा बघावा, गप्पांचा ओघ कानावर पडत राहावा, एवढंच. मी स्वतः रेड नसलेल्या दिवशी असाच भटकतो. नदीकाठी मासे पकडत बसायचं, शेजारून कुणी धावत जातं, हात हलवतं, पुढे जातं. कुणी नवखा राक्षसाच्या तावडीत सापडलेला दिसला तर जाता जाता त्याला बरं करायचं. त्याचं नावही मी वाचत नाही, पण तेवढ्यानं माझा दिवस चांगला जातो.

बनवणाऱ्यांना हे कळतं. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये तुमच्या गटात कुणी ती लढाई पहिल्यांदाच लढत असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. त्यामुळे नवखा माणूस आला की जुने वैतागत नाहीत, त्याचं स्वागत करतात. माणसाच्या चांगुलपणाला थोडा रस्ता करून दिला की तो वाहू लागतो, हे मी त्या गेममध्ये रोज बघतो.

अनोळखी माणसांशी कसलं नातं, असंही तुम्ही विचारलंय. नॉर्वेच्या माट्स स्टीनबद्दल सांगतो. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा आजार. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं की आपल्या मुलाच्या वाट्याला मैत्री आली नाही, कुणाच्या उपयोगी पडण्याची संधी आली नाही. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याची बातमी लिहिली आणि ईमेलमागून ईमेल येऊ लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन या नावानं, स्टारलाइट नावाच्या गिल्डमध्ये खेळायचा. त्यानं आपलं ऐकून घेतलं, वाईट काळात आधार दिला, असं देशोदेशीच्या लोकांनी लिहिलं होतं. त्याच्या अंत्यसंस्काराला गिल्डमधली काही माणसं परदेशातून आली. ज्याला खऱ्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याची मदत लागत होती, त्याच्यावर तिथे इतके जण अवलंबून होते.

सगळ्या ओळखी इतक्या खोल होत नाहीत, हेही खरं. बहुतेक ओळखी हलक्याच राहतात, गेम सुटला की सुटतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तिथे माझं वय, शिक्षण, पगार कुणी विचारत नाही. एका हीलरला जे यायला हवं ते येतं का, एवढंच बघतात, आणि येत नसेल तर शिकवतात.

आता काळजीचा भाग, कारण तुमच्या प्रश्नामागे ती जाणवते. या गेममध्ये माणसाला धरून ठेवायच्या काही युक्त्या असतात. हवी ती वस्तू बॉसकडून कधी पडेल याचा नेम नसतो, आणि अनिश्चित बक्षिसाची ओढ ठरावीक बक्षिसापेक्षा चिवट असते. रोज लॉगिन केलं तरच मिळणाऱ्या गोष्टी असतात. गिल्डमधली जबाबदारीही काहींना नाही म्हणू देत नाही; ज्या गोष्टीनं आनंद मिळतो तीच कधी ओझं होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. त्याच्या खुणा अशा: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व येत जाणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, तेही साधारणपणे किमान १२ महिने. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळेपुरता बसणारा आणि बाकी कामं नीट करणारा माणूस यात बसत नाही. रेड नसलेल्या दिवशीही त्याची झोप, अभ्यास किंवा नोकरी मागे पडत असेल तर मात्र बोलायला हवं.

त्याच्याशी बोलाल तेव्हा "त्यात काय एवढं आहे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाच नीट देता येत नाही. तो टँक आहे, हीलर आहे की डीपीएस, ते विचारा. त्यांची लढाई सध्या किती टक्क्यांवर अडलीये आणि तिथे त्याचं काम काय, ते विचारा. शक्य असेल तर एखाद्या रेडला त्याच्याशेजारी बसून सगळ्यांचं बोलणं ऐका. बॉस पडेल त्या रात्री तुम्ही तिथे असाल तर फारच छान.