सोयाबीन: खेडा खरेदीला द्यायचं की मार्केटला न्यायचं?

प्रश्न: दोन एकरांत ८ क्विंटल सोयाबीन झालं. गावातला व्यापारी क्विंटलला ४,००० रुपयांनी जागेवर मागतो (यालाच खेडा खरेदी म्हणतात). लातूरला ४,३०० भाव आहे. नेणं परवडेल का?

उत्तर: आधी ओलावा बघा. मार्केटचा चांगला भाव १२ टक्के ओलाव्याच्या, स्वच्छ मालाचा असतो. मळणी होऊन लगेच भरलेल्या मालात ओलावा बऱ्याचदा १६ टक्क्यांच्या आसपास निघतो. तो १२ वर आणला की ८ क्विंटलचे ७ क्विंटल ६४ किलोच उरतात. ४,३०० ने त्याचे ३२,८०० रुपये होतात. गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून क्विंटलला ८० रुपये धरले तर हातात ३२,२०० येतात. गावात ओला माल जसाच्या तसा गेला तर ३२,०००. म्हणजे क्विंटलमागे ३०० रुपयांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात सगळ्या मालावर मिळून २०० रुपयांचा आहे! गावात क्विंटलमागे किलोभर ‘सूट’ कापत असतील तर त्यात आणखी ३२० धरा. काटा इलेक्ट्रॉनिक आहे ना, तेही बघा.

सगळ्यात तोट्याचा व्यवहार म्हणजे माल घरी वाळवायचा आणि गावातच ४,००० ने घालायचा. त्यात ३०,५०० च मिळतात. वाळवलेला माल मार्केटलाच न्या, तोही चार-पाच शेजाऱ्यांनी एक गाडी करून. भाडं तिथेच वाचतं. ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर द्या, दिवसातून तीन-चारदा हलवा, चाळणी मारा. वर सुका आणि खाली ओला असा कट्टा भरू नका. खरेदीदार तळातून नमुना काढतो आणि मग सगळा ढीग ओल्याच्या भावाने जातो.

हमीभाव (२०२५-२६ साठी ५,३२८) हवा असेल तर सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद, म्हणजे ई-पीक पाहणी, आणि खरेदी केंद्रावर आगाऊ नोंदणी लागते. पैसे खात्यावर उशिरा येतात आणि लहान शेतकरी तिथेच अडतो. दुकानदाराची उधारी, रब्बीचं बियाणं, मजुरी थांबत नाही. ज्याच्याकडून खत उधार घेतलं त्यालाच माल घालायची बोली असेल, तर भाव ठरवणं तुमच्या हातात राहतच नाही.

अशा वेळी तातडीच्या गरजेपुरते दोन-तीन क्विंटल विका. उरलेल्यासाठी बाजार समितीत शेतमाल तारण योजना (माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज) आहे का ते विचारा: मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम, वर्षाला ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. सहा महिन्यांचं व्याज क्विंटलला ९५-१०० रुपये पडतं. भाव तेवढा तरी वाढेल असं वाटत असेल तरच ठेवा. आणि विक्री कुठेही करा, हिशेबपट्टी (वजन, भाव आणि कपातीची पावती) घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.