लाखाचा गुडघा जपायचा कसा?

"ताई, ऑपरेशन चांगलं झालं. पण आई खाटेवरून उठत नाही. आणि खरं सांगू, ती उठली की आम्हालाच धडकी भरते. चालून चालून नवा सांधा झिजला तर?"

गुडघा बदललेल्या घरांतून हा प्रश्न मला हमखास येतो. यावल तालुक्यातल्या एका घराचा अनुभव सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

आक्का ६७ वर्षांच्या. ऑपरेशन चैत्रात झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून त्या दवाखान्यात चालल्या, घरी आल्या आणि बसल्या त्या बसल्याच. सहाव्या आठवड्यात मी गेले तेव्हा ओसरीत खाटेवर होत्या, गुडघ्याखाली मऊ उशी. सून मायेने ठेवायची. त्या उशीनेच घात केला होता. पाय पूर्ण सरळ होईना आणि ९० अंशही वाकेना. खुर्चीतून नीट उठायचं तर साधारण तेवढं वाकावंच लागतं.

मुलगा म्हणाला, "केळीचा सगळा पैसा लावला, ताई. मोटार जेवढी चालेल तेवढी झिजणारच ना?"

"भाऊ, मोटारीला मांड्या नसतात," मी म्हटलं. कृत्रिम सांध्यातलं प्लास्टिक झिजतं हे खरंच आहे, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात. दहातले आठ सांधे २५ वर्षं टिकल्याचं मोठ्या नोंदींतून दिसलंय. मांडीचे स्नायू मात्र पडून राहिलं की काही आठवड्यांतच वाळायला लागतात, आणि सांध्याला सावरून धरतात ते तेच. पळणं, उड्या मारणं, उकिडवं बसणं टाळायचं. चालणं टाळायचं नाही.

हे सगळं ऐकून आक्का गप्पच. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, "माले भेव वाटस." दुखण्याचं नव्हे. पडले आणि पैसा वाया गेला तर पोराला, सुनेला तोंड काय दाखवू, याचं. व्यायामाचा छापील कागद उशाखाली होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तो कागद मीच पाठवला होता, त्यामुळे त्यांच्यावर रागवायला मला तोंडच नव्हतं.

मग विचारलं, "आक्का, चालत कुठं जावंसं वाटतं?"

"कानबाईले. नदीवर."

कानबाई म्हणजे खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. तीन वर्षं त्यांनी ती मिरवणूक ओट्यावरूनच बघितली होती.

फिजिओथेरपिस्टशी बोलून तिथूनच उलटं मोजलं. उशी गुडघ्याखालून काढून टाचेखाली गेली. व्यायामाला टॉवेलची गुंडाळी, तिच्यावर गुडघा दाबून धरायचा. वैशाखातलं ऊन, म्हणून चालणं सूर्य उगवायच्या आत. दुपारी ओसरीतच चार फेऱ्या. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. भाकरी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याने. त्यासाठी सुनेला थोडं बाजूला व्हावं लागलं, आणि ते तिला व्यायामापेक्षा जड गेलं!

दुखलं तर? थोडं दुखणारच, सूज आणि ऊबही काही महिने राहते. रात्रीच्या विश्रांतीनंतर सकाळी उतरली तर चालणं तेवढंच ठेवायचं, वाढलेली दिसली तर कमी करायचं. पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. एकदम धाप लागली तर क्षणभरही थांबायचं नाही, थेट दवाखाना.

श्रावणात सोमवारी संध्याकाळी आक्कांचा फोन आला. मागे डफ वाजत होता.

"गेले होते, ताई. येताना मात्र नातवाच्या गाडीवर बसले. गुडघा गरम लागतोय."

"फडक्यात बर्फ गुंडाळून वीस मिनिटं शेका. पाय उंच ठेवा. उद्या निम्मंच चाला."

"निम्मं म्हणजे पारापर्यंत?"

"पारापर्यंत."