ब्राउझर उघडतो, पण पॅकेज केलेला प्रोग्राम जोडला जात नाही: एसएसएलच्या त्रुटींचा शोध कसा घ्यावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमध्ये लिहिलेला बिलिंगचा प्रोग्राम आपण पायइन्स्टॉलरने एकाच ईएक्सई फाइलमध्ये बांधला असून तो रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या साहाय्याने आपल्या सर्व्हरशी बोलतो. आपल्या लॅपटॉपवर तो चालतो. परंतु एका ग्राहकाच्या कार्यालयात ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ (सर्व्हरची ओळख सांगणारे प्रमाणपत्र पडताळता आले नाही) अशी त्रुटी येते, आणि दुसऱ्या ग्राहकाला दिलेली, वेगळ्या संगणकावर अ‍ॅनाकोंडा या पायथनच्या वेगळ्या संचामध्ये बांधलेली प्रत ‘एसएसएल मॉड्यूल इज नॉट अव्हेलेबल’ असे सांगून थांबते. दोन्ही ठिकाणी ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता व्यवस्थित उघडतो, आणि पडताळणी बंद करून टाका असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला आहे.

हा सल्ला कृपया पाळू नका. रिक्वेस्ट्समध्ये पडताळणी ठरवणाऱ्या ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ दिले की त्रुटी नाहीशी होते हे खरे. पण त्यानंतर आपला प्रोग्राम समोर कोण आहे हे न पाहता ग्राहकाचा पासवर्ड आणि बिलांचा तपशील त्याच्या हाती देतो. मधल्या एखाद्या राउटरवर कोणी बनावट सर्व्हर उभा केला, तर प्रोग्राम त्याच्याशीही तितक्याच विश्वासाने बोलेल. शिवाय तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तशीच राहते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आपल्याकडील दोन त्रुटी सारख्या दिसत असल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिल्या ठिकाणी एसएसएलची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवून संवाद सुरक्षित करणारी, यंत्रणा जागेवर आहे, ती सर्व्हरपर्यंत पोहोचली आहे आणि समोर आलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला तिने नकार दिला आहे. दुसऱ्या ठिकाणी ती यंत्रणाच प्रोग्रामबरोबर गेलेली नाही, त्यामुळे सर्व्हरशी एक अक्षरही बोलणे झालेले नाही. ब्राउझर चालतो यावरून या दोहोंपैकी कशाचाच निष्कर्ष काढता येत नाही, कारण ब्राउझरची एसएसएल यंत्रणा आणि विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी वेगळी असते आणि आपल्या ईएक्सईमधली वेगळी.

दुसरी त्रुटी सोपी आहे, म्हणून ती आधी पाहू. पायथनचे एसएसएल मॉड्यूल विंडोजवर ओपनएसएसएल या एसएसएलचे काम करणाऱ्या लायब्ररीच्या दोन डीएलएल फायलींवर अवलंबून असते. त्यांपैकी एकीचे नाव लिबएसएसएलने आणि दुसरीचे लिबक्रिप्टोने सुरू होते. पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्या पायथनच्याच डीएलएल फोल्डरमध्ये असतात, तर अ‍ॅनाकोंडामध्ये त्या लायब्ररी फोल्डरातील बिन या उपफोल्डरमध्ये असतात. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरती पायथनची स्वतंत्र मांडणी, नीट सक्रिय न करता बांधणी केली, तर पायइन्स्टॉलरला त्या सापडत नाहीत. तो बांधणीच्या नोंदीत इशारा देतो आणि काम पुढे नेतो. त्याच संगणकावर अ‍ॅनाकोंडाच्या खिडकीतून चाचणी घेतली, तर पाथमधून (विंडोज ज्या फोल्डरांत फायली शोधते त्या यादीतून) त्या फायली मिळतात आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. तेव्हा बांधणीची नोंद पूर्ण वाचा आणि तिच्यात या दोन नावांचा शोध घ्या. त्याहून चांगले म्हणजे अधिकृत पायथनवर स्वच्छ व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करून त्यातच बांधणी करा आणि चाचणी विंडोज सँडबॉक्स या तात्पुरत्या, कोऱ्या विंडोजमध्ये घ्या. ही सोय विंडोज 10 व 11 च्या प्रो आवृत्तीत उपलब्ध आहे आणि तिच्यात पायथनचा मागमूसही नसतो, त्यामुळे ग्राहकाच्या संगणकावर काय घडेल ते आपल्याच टेबलावर दिसते.

आता पहिल्या त्रुटीकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ हे केवळ शीर्षक आहे. कारण त्याच्या पुढे कोलननंतर लिहिलेले असते आणि बहुतेक ग्राहक स्क्रीनचा फोटो पाठवताना नेमका तोच भाग कापतात. तिथे ‘नॉट येट व्हॅलिड’ किंवा ‘एक्स्पायर्ड’ असेल, तर सर्वप्रथम संगणकाचे घड्याळ पाहा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. ‘होस्टनेम मिसमॅच’ असेल, तर पत्ता चुकला आहे किंवा वाटेत कोणीतरी दुसऱ्याच सर्व्हरकडे वळवत आहे. पण ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ किंवा ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’ यांपैकी काही असेल, आणि आपल्या वर्णनावरून मला तशीच शक्यता अधिक वाटते, तर प्रश्न विश्वासाच्या यादीचा आहे.

ही यादी कुठून येते ते समजून घेणे आवश्यक आहे. रिक्वेस्ट्स लायब्ररी विंडोजची यादी वापरत नाही. ती सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधील एक पेम फाइल (प्रमाणपत्रे मजकूर स्वरूपात ठेवणारी फाइल) वाचते, जिच्यात फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने मान्य केलेली रूट प्रमाणपत्रे, म्हणजे ज्यांच्या सहीवर बाकी प्रमाणपत्रांचा विश्वास उभा असतो ती मूळ प्रमाणपत्रे, असतात. पायइन्स्टॉलर ही फाइल आपल्या ईएक्सईमध्ये बांधतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की यादी बांधणीच्या दिवशी गोठते. 30 सप्टेंबर 2021 रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स3’ या रूट प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र संस्थेची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या सर्व्हरशी बोलणारे कित्येक जुने प्रोग्राम थांबले. ज्यांच्यात ओपनएसएसएल 1.0.2 होते, त्यांना पर्यायी साखळी, म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्रापासून दुसऱ्या मान्य रूटपर्यंत जाणारा सह्यांचा मार्ग, उपलब्ध असूनही ती स्वीकारता आली नाही. दुसरा परिणाम असा की ग्राहकाच्या कार्यालयाने स्वतःहून विश्वासार्ह ठरवलेले प्रमाणपत्र आपल्या प्रोग्रामला कधीच दिसत नाही.

हा दुसरा परिणाम आपल्या बाबतीत महत्त्वाचा आहे. अनेक कार्यालयांतील फायरवॉल, आणि काही अँटिव्हायरससुद्धा, एचटीटीपीएसची वाहतूक मध्येच उघडून तपासतात. त्यासाठी ते सर्व्हरचे खरे प्रमाणपत्र बाजूला ठेवून त्याच नावाचे, स्वतःच्या सहीचे नवे प्रमाणपत्र पुढे करतात. सही करणारे रूट प्रमाणपत्र आयटी विभागाने विंडोजच्या यादीत घातलेले असते, म्हणून क्रोम आणि एज कोणतीही तक्रार करत नाहीत. सर्टिफायच्या फाइलमध्ये मात्र ते नसते, आणि म्हणून आपला प्रोग्राम नकार देतो. येथे प्रोग्राम चुकत नाही. त्याला जे सांगितले आहे ते तो नेमके करतो आहे. एका कार्यालयात मी यावर दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये कुलपाच्या चिन्हावरून प्रमाणपत्र उघडले, तेव्हा प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी आमच्या प्रमाणपत्र संस्थेऐवजी फायरवॉलचे नाव होते. ही तपासणी एका मिनिटाची आहे, तेव्हा आपण तीच आधी करा.

निदान तसे निघाले, तर उपाय पडताळणी काढून टाकण्याचा नसून योग्य यादी देण्याचा आहे. पायथन 3.10 किंवा त्यापुढील आवृत्ती असेल, तर ट्रस्टस्टोअर हे पॅकेज वापरा. ते प्रमाणपत्राची पडताळणी विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेकडे सोपवते, त्यामुळे आयटी विभागाने घातलेले प्रमाणपत्र आपोआप मान्य होते. पायथनची पॅकेजे बसवणारे पिप हे साधनदेखील 24.2 या आवृत्तीपासून मुळात हाच मार्ग वापरते. ट्रस्टस्टोअर लागू करणारी ओळ मात्र प्रोग्रामच्या अगदी आरंभी, रिक्वेस्ट्सचे कोणतेही सेशन (सर्व्हरशी जोडणी सांभाळणारी वस्तू) तयार होण्यापूर्वी यावी लागते.

ग्राहकाकडे अजून विंडोज 7 असेल, तर हा मार्ग बंद आहे, कारण त्यावर चालणारी शेवटची पायथन आवृत्ती 3.8 आहे. अशा वेळी कार्यालयाच्या आयटी विभागाकडून त्यांचे रूट प्रमाणपत्र पेम स्वरूपात मागून घ्यावे, सर्टिफायच्या यादीला ते जोडून नवी फाइल प्रोग्रामच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवावी आणि ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ऐवजी त्या फाइलचा मार्ग द्यावा. हे प्रमाणपत्र ईएक्सईमध्ये बांधून सर्व ग्राहकांना वाटू नका. एका कार्यालयाचा विश्वास दुसऱ्यावर लादण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आणखी एक शक्यता आपल्या सर्व्हरकडची आहे. सर्व्हरने स्वतःच्या प्रमाणपत्राबरोबर मधले, म्हणजे इंटरमीजिएट, प्रमाणपत्र पाठवायला हवे. ते राहून गेले, तर ब्राउझर ते स्वतः शोधून आणतो किंवा त्याच्याकडे ते आधीच असते, पण पायथन तसे करत नाही. मात्र असे असते, तर आपल्या लॅपटॉपवरही त्रुटी आली असती, म्हणून मी ही शक्यता मागे ठेवतो. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या आदेशाने पूर्ण साखळी मागवून एकदा खात्री करून घेतलेली बरी.

एकाच फाइलमध्ये बांधलेल्या प्रोग्रामची एक खोड विशेष सांगण्यासारखी आहे. तो सुरू होताना स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये ‘एमईआय’ अक्षरे असलेल्या एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो आणि सर्टिफायची पेम फाइलही तिथेच जाते. प्रोग्राम दिवसेंदिवस चालू राहिला आणि मधेच एखाद्या सफाईच्या साधनाने टेम्प रिकामे केले, तर वापरात असलेल्या डीएलएल टिकून राहतात, पण ती पेम फाइल पुसली जाते. मग सकाळी चालणारा प्रोग्राम दुपारी ‘कुड नॉट फाइंड अ सूटेबल टीएलएस सीए सर्टिफिकेट बंडल’ असे म्हणू लागतो आणि पुन्हा सुरू केला की बरा होतो. काउंटरवर दिवसभर उघड्या राहणाऱ्या बिलिंगच्या प्रोग्रामासाठी मी म्हणूनच फोल्डर स्वरूपातील बांधणी सुचवतो. ती दिसायला कमी नीटनेटकी असते, पण तिच्या फायली इन्स्टॉल केलेल्या जागी कायम राहतात.

हीच त्रुटी दुसऱ्या कारणानेही येते. ‘रिक्वेस्ट्स सीए बंडल’ किंवा ‘कर्ल सीए बंडल’ या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये नावाने साठवलेले मूल्य, येथे फाइलचा मार्ग) कोणत्या तरी इन्स्टॉलरने संगणकावर ठेवलेला असतो, पुढे ते सॉफ्टवेअर काढले जाते आणि मार्ग मात्र तसाच राहतो. रिक्वेस्ट्स तो मार्ग मुकाट्याने पाळते.

पायथन 3.13 वर जाण्याचा विचार असेल, तर त्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या आवृत्तीपासून पायथनच्या एसएसएल मॉड्यूलचा डीफॉल्ट कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्याची मूळ मांडणी, प्रमाणपत्रांची रचना अधिक काटेकोरपणे तपासतो, आणि कार्यालयांनी घरच्या घरी तयार केलेली काही रूट प्रमाणपत्रे त्या कसोटीला उतरत नाहीत. त्रुटीत ‘मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर’ असे शब्द दिसले, तर तेवढा एक काटेकोरपणाचा ध्वज (फ्लॅग) त्या ग्राहकापुरता बंद करता येतो. संपूर्ण पडताळणी सोडण्याची गरज नसते. आयटी विभागाला प्रमाणपत्र नव्याने तयार करायला सांगणे हा अर्थातच अधिक चांगला मार्ग आहे.

पुढचे अनुमान टाळण्यासाठी प्रोग्राममध्ये निदानाचा एक छोटा पर्याय घाला, असा माझा आग्रह आहे. तो एका मजकूर फाइलमध्ये इतक्या गोष्टी लिहील: ओपनएसएसएलची आवृत्ती, सर्टिफायच्या पेम फाइलचा मार्ग आणि ती खरोखर जागेवर आहे की नाही, वर सांगितलेले दोन व्हेरिएबल आणि प्रॉक्सीचा व्हेरिएबल, संगणकाची तारीख व वेळ, त्रुटीचा संपूर्ण मजकूर, आणि सर्व्हरकडून आलेल्या प्रमाणपत्रावर ते देणाऱ्याचे नाव. हे शेवटचे नाव मिळवण्यासाठी पायथनच्या एसएसएल मॉड्यूलमध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्र न पडताळता आणणारे फंक्शन आहे. ते केवळ या निदानासाठी वापरा आणि त्या जोडणीतून लॉगिनची कोणतीही माहिती पाठवू नका. हीच फाइल आपल्या लॅपटॉपवर आणि पहिल्या ग्राहकाकडे तयार करून शेजारी शेजारी ठेवली, की प्रमाणपत्र देणाऱ्याच्या नावात फरक आहे की पेम फाइलच्या मार्गात, ते लगेच दिसेल.

त्या दोन फायली आणि अ‍ॅनाकोंडाच्या बांधणीची संपूर्ण नोंद येथे दिलीत, तर मी ओळीने पाहून सांगू शकेन. देण्यापूर्वी प्रॉक्सीच्या पत्त्यात युजरनेम व पासवर्ड असल्यास ते आणि ग्राहकाच्या संस्थेचे नाव काढून टाका. प्रमाणपत्र देणाऱ्याच्या ओळीतही अनेकदा संस्थेचे नाव असते, तेवढे झाकून बाकीची ओळ तशीच ठेवा.