वाचकांचे प्रश्न : नव्या मोटारीत लाँग वेव्ह का खरखरते?

प्रश्न : मी अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि कामानिमित्त वरचेवर मोटारीने स्कॉटलंडपर्यंत जातो. डोंगराळ भागात एफएम तुटते, म्हणून बीबीसी रेडिओ फोर मी लाँग वेव्हवर, १९८ किलोहर्ट्‌झला ऐकत आलो. २०२३ पर्यंत कसोटी सामन्यांचे समालोचनही तेथेच लागत असे आणि जुन्या गाडीत ते खणखणीत ऐकू येई. आताच्या गाडीला छपरावर वीतभर अँटेना आहे. एफएम आणि डॅब (डिजिटल रेडिओ) उत्तम लागतात, परंतु लाँग वेव्हवर नुसती खरखर येते आणि इंजिन सुरू केले की तिच्यात शिट्टीची भर पडते. अँटेनाच्या वायरीत जोडायचा एक बूस्टर आणून पाहिला, तर खरखरच तेवढी मोठी झाली. प्रक्षेपण क्षीण झाले आहे की दोष गाडीत आहे?

उत्तर : पहिली शंका घरीच मिटवता येईल. लाँग वेव्हचा पट्टा असलेला कोणताही साधा, बॅटरीवरचा रेडिओ घ्या, मोकळ्या जागेत जा आणि १९८ लावून पाहा. बीबीसीने २०२२ मध्येच लाँग वेव्ह पुढे बंद करण्याचा मानस जाहीर केला होता. आयर्लंडचे २५२ किलोहर्ट्‌झवरील केंद्र २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झाले आणि फ्रान्सचा १६२ वरील कार्यक्रम २०१६ च्या अखेरीस थांबला. त्यामुळे ज्या केंद्रासाठी खटपट करायची ते चालू आहे ना, हे प्रत्येक खर्चापूर्वी पाहून घेणे शहाणपणाचे. त्या साध्या रेडिओवर आवाज स्वच्छ आला, तर दोष गाडीत आहे आणि पुढचे सर्व विवेचन आपल्यासाठी आहे.

१९८ किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १,५१४ मीटर भरते. वूस्टरशायरमधील ड्रॉइटविच येथे १९३४ पासून उभे असलेले प्रक्षेपण केंद्र यासाठी २०० मीटरहून उंच मनोरे वापरते आणि तेसुद्धा या लहरीच्या मानाने ठेंगणेच म्हणावे लागतात. मग मोटारीवरच्या काडीची काय कथा! एफएमच्या लहरी जेमतेम ३ मीटरच्या असतात, म्हणून ७५ सेंटिमीटरची काडी त्यांच्या पाव लांबीइतकी होते आणि उत्तम जुळते. हीच तार दांडीभोवती वेटोळी गुंडाळली की वीतभर काडीसुद्धा एफएमला जुळवता येते. आपल्या छपरावर तेच आहे. लाँग वेव्हला मात्र या वेटोळ्यांचा काडीमात्र उपयोग नाही. तेथे काडीची उभी उंची तेवढी मोजली जाते.

लाँग वेव्हच्या दृष्टीने काडी म्हणजे एक अगदी लहान कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक होय. बारीक दांडीची धारकता (भार साठवण्याची क्षमता) दर मीटरला ढोबळमानाने १० पिकोफॅरड धरली, तर जुन्या गाडीची ८० सेंटिमीटरची काडी ८ पिकोफॅरडची आणि आपली २० सेंटिमीटरची काडी अवघ्या २ पिकोफॅरडची ठरते. काडीपासून रेडिओपर्यंत जाणारी वायर आणि रेडिओचे स्वतःचे प्रवेशमंडल मिळून ८० पिकोफॅरड धरू. काडीत जागा झालेला व्होल्टेज या दोन धारकतांमध्ये वाटला जातो. लांब काडीचा सुमारे अकरावा हिस्सा रेडिओच्या वाट्याला येतो, आखूड काडीचा एक्केचाळिसावा. शिवाय उंची चौथाई झाल्यामुळे मुळातला व्होल्टेजही चौथाई झालेला असतो. दोन्ही घट एकत्र केल्या, तर रेडिओपर्यंत पोहोचणारा संकेत जवळजवळ पंधरापट कमी होतो. एफएमवर यातले काहीच जाणवत नाही आणि म्हणूनच गॅरेजवाल्याने एफएम लावून ‘अँटेना ठीक आहे’ असे सांगितले, तर ते लाँग वेव्हपुरते ग्राह्य धरू नये.

हे गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक नसते असे नाही. ते काडीच्या बुडाशी, छपराच्या आतल्या बाजूला, एक छोटा अँप्लिफायर बसवतात. संकेत वायरीत शिरण्यापूर्वीच तो उचलून धरल्यामुळे वायरीच्या धारकतेचे ओझे काडीवर पडत नाही. आपला बूस्टर का फसला हे यावरून लक्षात येईल. तो वायरीच्या रेडिओकडील टोकाला होता, तेथपर्यंत संकेत क्षीण झालेला होता आणि गाडीतला विद्युत गोंगाट त्यात मिसळून गेला होता. बूस्टरला संकेत आणि गोंगाट यांतला भेद कळत नाही, तो दोघांनाही सारखेच मोठे करतो. अशा वस्तूंच्या वेष्टनांवर जे दावे छापलेले असतात, त्यांच्याकडे माझ्या मते दुर्लक्षच करावे.

आता तपासणीकडे वळू. इंजिन बंद ठेवून केवळ रेडिओ चालू करा, १९८ लावा आणि छपरावरची काडी हाताने फिरवून काढून घ्या. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर काडीचा संकेत रेडिओपर्यंत पोहोचतच नाही, असे समजावे. काडीच्या आट्यांवर गंज किंवा हिरवी पुटे चढली आहेत का, बुडाशी पाणी शिरले आहे का, अँप्लिफायरला वीज मिळते का, हे त्या वेळी पाहावे लागेल. काडी काढताच कार्यक्रम बुडाला आणि परत लावताच वर आला, तर अँटेनाचे काम नीट चालले आहे. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे बिघडलेले असण्याची शक्यताही धरून चाला.

यानंतर इंजिन सुरू करा. वेग वाढवताना ज्या शिट्टीचा सूर चढतो, ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राची असते. सूर चढत नसेल आणि सतत एकाच पट्टीत गुणगुण येत असेल, तर स्विचिंग पद्धतीने व्होल्टेज बदलणाऱ्या एखाद्या मंडलाचा संशय घ्यावा. नव्या गाडीत अशी मंडले पुष्कळ असतात आणि त्यांच्या गोंगाटाचे पडसाद लाँग वेव्हच्या पट्ट्यात सहज उमटतात. दिवे, पंखा, मागच्या काचेची गरम पट्टी, फोनचा चार्जर हे एकेक करून चालू-बंद करा आणि कान रेडिओकडे ठेवा. माझ्या अनुभवात सर्वांत मोठे दोषी दोनच आढळले : सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा स्वस्त चार्जर आणि समोरच्या काचेवर लावलेला डॅशकॅम. कॅमेऱ्याची वायर बसवणारे ती काचेच्या कडेच्या खांबातून दडवून नेतात आणि कित्येक गाड्यांत अँटेनाची वायरही नेमकी तेथूनच उतरते. दोन्ही वायरी गळ्यात गळा घालून मीटरभर चालल्या की जे व्हायचे तेच होते. कॅमेऱ्याची वायर तेथून हलवणे हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि बहुधा तोच सर्वांत गुणकारी ठरतो. मात्र त्या खांबांच्या आतून पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगाही जातात, त्यामुळे तेथील आवरण स्वतः उचकटू नये, ते काम माहीतगारावर सोपवावे.

गोंगाट कोणत्या वाटेने येतो हे ठरवायचे असेल, तर रेडिओच्या पाठीमागून अँटेनाचा प्लग उपसा. शिट्टी थांबली, तर ती अँटेनावाटे शिरत होती. तरीही चालूच राहिली, तर ती रेडिओच्या वीजपुरवठ्यातून येते आणि तेथे त्या वायरीवर गाळणी बसवावी लागते. अँटेनावाटे येणाऱ्या गोंगाटाचे एक कारण नेहमी विसरले जाते. अँटेनाच्या वायरीवरची धातूची जाळी काडीच्या बुडाशी गाडीच्या पत्र्याला घट्ट भिडलेली असायला हवी. पत्र्याला रंग किंवा गंज लागून हा भूसंपर्क बिघडला, की ती जाळीच अँटेना होऊन गाडीतला सगळा गोंगाट गोळा करू लागते. एफएमवर याची चाहूलही लागत नाही. बूड सोडवून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासणे, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवणे आणि नट पुन्हा घट्ट आवळणे यात अर्धा तास जातो.

चार्जरच्या वायरीवर चिमटवायच्या फेराइटच्या (एका चुंबकीय पदार्थाच्या) नळ्या मिळतात. त्यांपैकी बहुतेक कित्येक मेगाहर्ट्‌झच्या गोंगाटासाठी बनवलेल्या असतात आणि १९८ किलोहर्ट्‌झला वायर त्यातून एकदाच गेली तर परिणाम जवळजवळ शून्य होतो. कमी वारंवारतेसाठीचे मोठे कडे घेऊन वायरीचे सात-आठ वेढे त्याभोवती घातले तर फरक पडतो, कारण वेढे दुप्पट केले की अडथळा चौपट होतो. तरीही वाईट चार्जर फेकून चांगला घेणे अधिक सोपे आहे.

एवढे सारे केल्यावरही समाधान झाले नाही, तर त्याच आट्यांची लांब, सरळ काडी आणून बसवावी आणि ती मागे न झुकवता शक्य तितकी उभी ठेवावी, कारण लाँग वेव्हच्या भूलहरींचे, म्हणजे जमिनीलगत जाणाऱ्या लहरींचे, विद्युत क्षेत्र उभे असते. जुन्या गाडीतली काडी आणि हिच्यात आता फार अंतर उरणार नाही. यंत्राने गाडी धुण्यापूर्वी आणि ठेंगण्या छताच्या वाहनतळात शिरण्यापूर्वी ती काढायला विसरू नये.

आणखी एक खुलासा आपल्या स्कॉटलंडच्या प्रवासासाठी. १९८ वर ड्रॉइटविचखेरीज स्कॉटलंडमधील वेस्टरग्लेन आणि बर्गहेड येथूनही प्रक्षेपण होत आले आहे. दोन केंद्रांच्या लहरी जेथे सारख्याच बळाने पोहोचतात, त्या पट्ट्यात आवाज फाटतो, बुडतो, पुन्हा वर येतो. तेथे गाडीत शोधूनही दोष सापडणार नाही, काही मैल पुढे गेल्यावर ते आपोआप सुधारते.

प्रश्न : गाडीतला मूळ रेडिओ काढून मी दुसऱ्या बनावटीचा बसवला. त्यातही लाँग वेव्ह आहे, पण कोणतेच केंद्र लागत नाही, आणि एफएमही शहराबाहेर गेले की दुबळे होते. मूळ रेडिओवर दोन्ही बरे चालत होते. नवा रेडिओ सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. वर ज्या अँप्लिफायरचा उल्लेख आला, त्याला १२ व्होल्टच्या आसपास वीज लागते आणि पुष्कळ गाड्यांत मूळ रेडिओ ती अँटेनाच्याच वायरीच्या गाभ्यातून वर पाठवतो. बाहेरून घेतलेले रेडिओ सहसा असे करत नाहीत, ते अँटेनासाठी निळी वायर वेगळी देतात. ती कोठेही न जोडता टेपने गुंडाळून ठेवलेली असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. अँप्लिफायर उपाशी राहिला की एफएम त्यातून कसेबसे झिरपते, लाँग वेव्ह मात्र संपूर्ण अडते.

यासाठी अँटेनाला वीज पुरवणारा जोडतुकडा मिळतो. त्याचे एक टोक गाडीच्या प्लगला, दुसरे रेडिओला आणि त्यातून निघणारी वायर रेडिओच्या निळ्या वायरीला जोडायची असते. जोडल्यावर रेडिओ चालू करून अँटेनाकडील टोकाशी गाभा आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावा. काहीच दिसले नाही, तर वीज अजून पोहोचलेली नाही. काही गाड्यांत अँटेनाची वायर दुहेरी असते आणि प्लगही दोन असतात. तेथे दोन्ही प्लग सामावणारा जोडतुकडा घ्यावा लागतो, कारण लाँग व मीडियम वेव्ह नेमक्या सोडून दिलेल्या प्लगवर असू शकतात.

प्रश्न : डॅबसाठी वेगळी अँटेना नको म्हणून मूळ अँटेनाच्याच वायरीत संकेत दोन वाटांनी विभागणारा दुभाजक बसवून घेतला. त्या दिवसापासून लाँग वेव्ह मृतवत आहे. हा योगायोग असेल का?

उत्तर : योगायोग नव्हे. डॅब १७४ ते २४० मेगाहर्ट्‌झमध्ये असते आणि एफएम १०८ मेगाहर्ट्‌झच्या खाली. स्वस्त दुभाजक या दोघांचाच विचार करून बनवलेला असतो. त्यातील लहानशी कॉइल गाभ्याला जमिनीशी जोडते. तिला एफएम दाद देत नाही, परंतु १९८ किलोहर्ट्‌झसाठी ती कॉइल म्हणजे उघडा नळच असतो आणि संकेत तेथून सरळ जमिनीत जातो. दुभाजक तात्पुरता काढून वायर थेट जोडून पाहा, लाँग वेव्ह परत आली की निदान पक्के झाले. लाँग व मीडियम वेव्हसाठी स्वतंत्र वाट ठेवणारा, स्वतःची वीज घेणारा दुभाजक मिळतो, परंतु डॅबसाठी काचेवर चिकटवायची वेगळी अँटेना घेणे मला अधिक पसंत आहे. तिचा अँप्लिफायर मूळ अँटेनाच्या वायरीपासून दूर ठेवला म्हणजे झाले.

प्रश्न : माझ्या विजेवरच्या गाडीत लाँग वेव्हच नाही. घरचा छोटा रेडिओ गाडीत ठेवून ऐकता येईल का?

उत्तर : ऐकता येईल, पण फार अपेक्षा ठेवू नये. त्या रेडिओत फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली अँटेना असते. गाडीच्या पत्र्याच्या पिंजऱ्यात संकेत आधीच क्षीण होतो, त्यात बॅटरीची वीज बदलून मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरचा गोंगाट भरतो, आणि अनेक उत्पादकांनी विजेवरच्या गाड्यांतून मीडियम वेव्हसुद्धा काढून टाकली ती या गोंगाटापायीच. रेडिओ बाजूच्या काचेला टेकवून, मोटर आणि चार्जर यांपासून दूर ठेवा. दांडीचे टोक केंद्राकडे रोखलेले असताना संकेत सर्वांत कमी मिळतो, तिची बाजू केंद्राकडे असताना सर्वांत जास्त. त्यामुळे वळणावळणाच्या रस्त्यावर आवाज सतत वरखाली होत राहील आणि चालत्या गाडीत रेडिओ फिरवत बसण्याचे काम शेजारी बसलेल्यालाच करावे लागेल.