कर्मचारी संघटनांच्या दबावामुळे सरकारचं बजेट खरंच बदलतं का?

बदलतं. पण बजेट मांडायच्या दिवशी नाही, आणि नुसत्या संपाने तर नाहीच. मी नाशिक जिल्ह्यात तलाठी आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलो, म्हणजे जुन्या पेन्शनच्या (निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी) बाहेरचा. त्यामुळे आतून पाहिलेलं उदाहरण पेन्शनचंच सांगतो.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट सांगितलं होतं की जुनी पेन्शन देणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले विद्यमान आमदार पडले. प्रचारात जुनी पेन्शन जोरात गाजली होती. ९ मार्चला बजेट मांडलं गेलं आणि १४ मार्चपासून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले लाखो कर्मचारी संपावर गेले.

तो आठवडा मला विसरता येत नाही. नेमकी त्याच दिवसांत गारपीट झाली. आम्ही तहसीलच्या आवारात सतरंजीवर बसलेलो, आणि माझ्या सज्जातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला, “भाऊसाहेब, गहू पार आडवा झालाय, पंचनाम्याला कधी येताय?” काय सांगणार? माझी मागणी रास्त होती, आजही तेच म्हणतो. पण त्या माणसाने माझं काय वाकडं केलं होतं? २० मार्चला, सरकारने या मागणीवर नेमलेल्या समितीच्या भरवशावर संप मिटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्याच्या बांधावर होतो.

पुढे काय झालं ते बघा. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला एकीकृत पेन्शन योजना (पुन्हा ठरावीक पेन्शनची हमी देणारी) जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभा निवडणूक तीन महिन्यांवर होती. संपाने विषय जिवंत ठेवला, सही करून घेतली ती मतांनी.

आता बजेटमधली खरी गोम. २००५ नंतर लागलेल्यांसाठीच्या नव्या योजनेत (राष्ट्रीय पेन्शन योजना, एनपीएस) सरकारला माझ्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम दरमहा आजच भरावी लागते. जुन्या पेन्शनमध्ये आज काहीच भरावं लागत नाही, बिल येतं मी निवृत्त झाल्यावर, म्हणजे पुढच्या कुठल्यातरी अर्थमंत्र्याच्या काळात. राजस्थानने २०२२ च्या बजेटमध्ये जुनी पेन्शन परत आणली, तेव्हा हे गणित त्यांच्या पथ्यावरच पडलं असणार. आमच्या सभांमध्ये ही बाजू कुणी मांडत नाही. मांडायला हवी, कारण उद्या तिजोरीत खडखडाट झाला तर पेन्शन आमचीच अडकेल.

संघटनेची ताकद कुठे संपते हेही सांगतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर बसतो. काम माझ्याइतकंच, कधी जास्तच. त्याचा खर्च ‘वेतन’ या शीर्षाखाली पडत नाही, ठेकेदाराच्या बिलातून जातो. वेतन आयोग, महागाई भत्ता, पेन्शन, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. संपाच्या सात दिवसांत कार्यालयाचं कुलूप उघडायला तोच येत होता, कारण त्याची एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. आमच्या मागणीपत्रात त्याचं कलम होतं, पण खाली होतं. पुढच्या वेळी ते वर यावं म्हणून मी तालुका बैठकीत भांडतोय.